चिठ्ठीवरची शेवटची ओळ

जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या सर्व डॉक्टर मित्रमैत्रिणींना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एक उद्योग केला. दवाखाना बंद झाल्यावर घसादुखी, खोकला, सर्दी, कानदुखी, लघवीची जळजळ अशा तक्रारींचे महिन्याभराचे केसपेपर काढून बसलो. शेजारी आपल्या भागासाठी तयार झालेली अँटिबायोटिकची गाईडलाइन उघडून ठेवली. तीच, जी आपल्या सगळ्यांकडे येऊन पडली आहे आणि बहुतेकांनी 'निवांत वाचू' म्हणून बाजूला सारली आहे. एकेका केसपेपरवर खूण करत गेलो. दिलं ते बरोबर होतं. द्यायची गरज नव्हती. गरज होती पण औषध चुकलं. औषध बरोबर होतं पण दिवस जास्त झाले. शेवटी किती चुका निघाल्या तो आकडा इथे लिहीत नाही. लिहिला तर तुम्ही मनातल्या मनात आपला त्याच्याशी ताडून पाहाल, 'माझं एवढं वाईट नाही' म्हणाल आणि पत्र मिटून ठेवाल. मीही तेच केलं असतं.

एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. चुका दिवसभर सारख्या पसरलेल्या नव्हत्या. ओपीडीच्या पहिल्या तासात मी जवळजवळ शहाण्यासारखा वागलो होतो. शेवटच्या तासात, बाहेर खुर्च्या भरलेल्या असताना, चिठ्ठीवर शेवटची ओळ म्हणून अँटिबायोटिक येऊन बसलं होतं. आजार तेच, डॉक्टर तोच, ज्ञानही तेच. अमेरिकेतल्या प्राथमिक सेवेच्या दवाखान्यांचा 2014 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास नेमकं हेच दाखवतो : श्वसनमार्गाच्या तक्रारींसाठी अँटिबायोटिक लिहिण्याचं प्रमाण दर तासागणिक वाढत जातं. वाचलं तेव्हा मी हसलो होतो. स्वतःच्या केसपेपरवर तेच दिसलं तेव्हा हसू आलं नाही.

म्हणजे आपण अँटिबायोटिक अज्ञानापोटी देतो, हा आरोप मला मान्य नाही. सर्दी विषाणूमुळे होते आणि त्यावर हे औषध चालत नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. आपण ते देतो संभाषण संपवण्यासाठी. ती ओळ लिहिली की पेशंट उठतो. 'काही गंभीर तर नसेल ना' ही आपली स्वतःची धाकधूकही त्याच ओळीने शांत होते, आणि मला वाटतं पेशंटच्या समाधानापेक्षा तिचाच वाटा मोठा असतो. ऑस्ट्रेलियात 1997 साली झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की औषधाची अपेक्षा घेऊन आलेल्या पेशंटला औषध मिळण्याची शक्यता सुमारे तिप्पट होती. पण पेशंटला औषध हवं आहे असं डॉक्टरला वाटलं, तर ती दहापट होती. पेशंटने मागितलं म्हणून दिलं, असं आपण म्हणतो. खरं तर त्याने न मागितलेलं आपणच ऐकतो.

इथेच मला गाईडलाइनचा खरा उपयोग दिसायला लागला. आजवर मी तिच्याकडे वरून आलेला हुकूम म्हणून बघत होतो. पण संध्याकाळी साडेआठला, डोकं थकलेलं असताना, नव्याने विचार करायची गरज उरू नये म्हणून सकाळी ताज्या डोक्याने घेऊन ठेवलेला निर्णय, असं तिच्याकडे पाहिलं तर ती सोबतीसारखी वाटते. 'नको' म्हणताना मी एकटा नसतो.

घसादुखीचंच बघा. डिसेंबर 1945 मध्ये नोबेल व्याख्यानात अलेक्झांडर फ्लेमिंगने एक काल्पनिक गोष्ट सांगितली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन विकत आणतो, अपुरं घेतो. जंतू मरत नाहीत, उलट शिकून तयार होतात. तेच पुढे त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन लागू पडत नाही आणि ती दगावते. पेनिसिलिन सर्वसामान्यांच्या हाती नुकतं कुठे येत होतं, तेव्हाची ही गोष्ट. त्याने उदाहरण घसादुखीचं घेतलं हे मला फार सूचक वाटतं. आज ऐंशी वर्षांनीही ती आपल्या ओपीडीतली नेहमीचीच तक्रार आहे.

गंमत अशी की त्या गोष्टीतल्या जंतूने फ्लेमिंगला खोटं पाडलं. घसा धरणारा ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस अजूनही साध्या पेनिसिलिनला शरण जातो. उपचार निकामी करेल असा प्रतिरोध त्याने अजून दाखवलेला नाही. आणि आपण काय लिहितो? ॲझिथ्रोमायसिन. तीन दिवसांचा सुटसुटीत कोर्स, पेशंट खूश. याच मॅक्रोलाइड गटाला मात्र तो जंतू सराईतपणे दाद देईनासा होतो. निरोगी स्वयंसेवकांना ॲझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन देऊन केलेला 2007 चा एक अभ्यास आहे. एकाच छोट्या कोर्सनंतर त्यांच्या तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकायमध्ये वाढलेला प्रतिरोध 180 दिवसांपर्यंत टिकून होता. औषध शरीरात रेंगाळतं, पातळी हळूहळू उतरते आणि उतरताना जंतूंना सरावाला भरपूर वेळ देते. ज्याला आपण सोय म्हणतो, तीच इथे नडते.

उलट दिशेचं उदाहरण फिनलंडचं. तिथे 1990 च्या सुमारास याच स्ट्रेप्टोकोकसमध्ये एरिथ्रोमायसिन या मॅक्रोलाइड गटातल्याच औषधाला प्रतिरोध झपाट्याने वाढला. दवाखान्यांमध्ये श्वसनमार्ग आणि त्वचेच्या संसर्गासाठी मॅक्रोलाइड कमी वापरावीत, अशी शिफारस देशभर गेली. डॉक्टरांनी ती पाळली. एका वर्षात वापर जवळजवळ निम्म्यावर आला, आणि प्रतिरोधक जंतूंचं प्रमाण 1992 मधल्या 16.5 टक्क्यांवरून 1996 मध्ये 8.6 टक्क्यांवर उतरलं. प्रतिरोध ही एकेरी वाट आहे, आता काय उपयोग, असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण ऐकवतो. सगळ्याच जंतूंच्या बाबतीत चाक इतकं सहज मागे फिरत नाही, हेही खरं. पण तिथे ते फिरलं, आणि फिरवलं कोणी, तर मोठ्या हॉस्पिटलांनी नव्हे, आपल्यासारख्यांच्या चिठ्ठ्यांनी.

घसा तपासताना गाईडलाइन काही अवघड मागत नाही. ताप आहे का, टॉन्सिलवर पांढरा थर आहे का, मानेच्या पुढच्या गाठी दुखतात का, आणि खोकला *नाही* ना. 1981 पासून चालत आलेले हे चार प्रश्न. पहिल्या तीनांपैकी काहीच नाही आणि वर खोकला-सर्दी आहे, तर तो स्ट्रेप्टोकोकस असण्याची शक्यता फार थोडी. हे चार प्रश्न विचारायला एक मिनिटही लागत नाही. पण केसपेपरवर त्यांची उत्तरं लिहिलेली मला माझ्याच अक्षरात क्वचितच सापडली. 'घसा लाल' एवढंच. लाल तर प्रत्येकाचाच असतो.

तसाच हिरवा बेडका. पेशंट रुमालात दाखवतो आणि आपला हात पेनकडे जातो. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका विकराचा असतो. पेशी लढायला आल्या, एवढंच तो सांगतो. समोर विषाणू आहे की जिवाणू, हे नाही. एरवी धडधाकट माणसाच्या खोकल्यात नुसत्या रंगावरून अँटिबायोटिक लिहू नये. सीओपीडीने, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या दीर्घ आजाराने, फुप्फुसं आधीच थकलेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र बेडक्याचा बदललेला रंग लक्षात घ्यायला गाईडलाइनच सांगते. हा फरक मी स्वतः कित्येक वर्षं करत नव्हतो.

आता 'स्थानिक' या शब्दाबद्दल. पुस्तकं आपल्याकडे आहेतच, मग आपल्या भागाची वेगळी गाईडलाइन कशाला, असा प्रश्न एका ज्येष्ठ मित्राने विचारला. लघवीच्या संसर्गाचं उदाहरण घ्या. बहुतेक वेळा कारण ई. कोलाय हा आतड्यातला जंतूच. पण इथल्या ई. कोलायला काय लागू पडतं आणि दोनशे मैलांवरच्याला काय, यात जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं. एखाद्या भागात ट्रायमेथोप्रिमला प्रतिरोध 20 टक्क्यांच्या वर गेला असेल, तर ते अंदाजाने सुरू करायचं औषध म्हणून वापरू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. तो आकडा पुस्तकात सापडणार नाही. आपल्याच भागातल्या प्रयोगशाळेच्या कल्चर रिपोर्टमधून तो निघतो. म्हणून कुठे पहिलं नाव नायट्रोफ्युरँटॉइनचं येतं, कुठे दुसऱ्याचं. सिप्रोफ्लॉक्सासिन 'कशालाही चालतं' म्हणून देण्याचा काळ तर केव्हाच गेला. त्या गटामुळे स्नायुबंध तुटण्याचा धोका आहे, म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2008 मध्येच औषधाच्या माहितीपत्रकात चौकटीतला ठळक इशारा छापायला लावला, आणि 2016 मध्ये साध्या सायनस, ब्राँकायटिस आणि लघवीच्या संसर्गात दुसरा पर्याय असेल तर ही औषधं टाळा, असंही बजावलं.

आणि एक. वयस्कर माणसाच्या लघवीला वास येतो, पट्टी बुडवली, जंतू दिसले, चला कोर्स. जळजळ नाही, ताप नाही, काही नाही. अशा लक्षणांविना असलेल्या जंतूंवर उपचार करून फायदा होत नाही. गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गाची काही शस्त्रक्रिया व्हायची असलेले रुग्ण, हे मुख्य अपवाद. बाकीच्यांना आपण जुलाब आणि प्रतिरोध भेट देतो.

इथे गाईडलाइन तयार करणाऱ्या समितीलाही दोन शब्द ऐकवतो, कारण हे पत्र त्यांच्याही हाती पडेल. तुमचा अँटिबायोग्राम, म्हणजे कोणत्या जंतूला कोणतं औषध लागू पडतं याचा तक्ता, बनतो तो प्रयोगशाळेत आलेल्या नमुन्यांवरून. साधी, पहिल्यांदा झालेली जळजळ असलेल्या बाईचा नमुना आम्ही पाठवतच नाही; पाठवतो तो औषध लागू पडलं नाही म्हणून, किंवा संसर्ग परत परत होतो म्हणून. मग तुमच्या तक्त्यात जंतू आहेत त्यापेक्षा दांडगे दिसतात, आणि तो तक्ता बघून आम्ही आणखी जड औषधाकडे वळतो. हॉस्पिटलचे आणि दवाखान्यांचे नमुने निदान वेगळे मांडा. ठरावीक काळाने काही दवाखान्यांकडून साध्या रुग्णांचेही नमुने मागवा, आम्ही देऊ. आणि ती चाळीस पानांची पीडीएफ. औषध कंपनीचा प्रतिनिधी तीन मिनिटांत आपलं म्हणणं आमच्या टेबलावर ठेवून जातो. तुम्हाला एक पान पुरलं पाहिजे : आजार, केव्हा द्यायचं नाही, द्यायचं तर कोणतं, डोस, किती दिवस, पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर काय. मागच्या पानावर लहान मुलांचे वजनानुसार डोस. तारीख ठळक घाला, म्हणजे जुनी झालेली फेकता येईल.

दिवसांचा विषय निघालाच आहे तर एक आडवळण. सात दिवस, चौदा दिवस हे आकडे आले कुठून? अनेक संसर्गांसाठी त्यांच्या मागे फार मोठा प्रयोग कधी नव्हता. आठवडा सात दिवसांचा असतो, एवढंच. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. 321 मध्ये रविवारच्या विश्रांतीचं फर्मान काढलं, म्हणून न्यूमोनियाला सात दिवस, असा एक विनोद संसर्गतज्ज्ञांमध्ये चालतो. दवाखान्यात हाताळता येणाऱ्या, सुधारत असलेल्या न्यूमोनियाला पाच दिवस पुरतात, हे आता अनेक चाचण्यांनी दाखवलं आहे. जास्त दिवस म्हणजे जास्त खात्री, ही आपली समजूत. पोटातल्या बिचाऱ्या निरुपद्रवी जंतूंना ते जास्तीचे दिवस फुकट भोगावे लागतात. आपण एकदा अँटिबायोटिक दिलं की त्या माणसाच्या अंगावरच्या जंतूंमधला वाढलेला प्रतिरोध वर्षभरापर्यंतही आढळू शकतो. पुढच्या वेळी त्याला खरंच गरज पडेल तेव्हा तो तुमच्याकडेच येणार आहे. 2019 मध्ये जगभरात 12.7 लाख मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज आहे. पण एवढ्या मोठ्या आकड्याने ओपीडीतला हात थांबत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. समोरच्याच माणसाचं पुढचं वर्ष डोळ्यांपुढे आणलं, तर थांबतो.

मग पेशंटला सांगायचं काय? 'व्हायरल आहे' हे दोन शब्द आपण इतके झिजवले आहेत की त्याचा अर्थ 'तुम्हाला काही झालेलं नाही, उगाच आलात' असा पोचतो. माणूस दुखावतो, दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. मी अलीकडे दिवस सांगायला लागलो आहे. घसा साधारण आठवडाभर दुखेल. सर्दी दहा दिवस. सायनस अडीच आठवडे. खोकला तीन आठवडे. खोकल्याचे तीन आठवडे ऐकून लोक चमकतात. आजवर पाचव्या दिवशी 'अजून कमी नाही' म्हणून ते परत यायचे आणि मी दुसरं अँटिबायोटिक लिहायचो, त्यात चूक माझीच होती. त्यांना कोणी दिवसच सांगितले नव्हते. मग दुखणं कमी करायला काय घ्यायचं ते नीट सांगायचं, आणि कशाकशाची वाट न बघता परत यायचं ते कागदावर लिहून द्यायचं : धाप लागली, ताप उतरून पुन्हा चढला, लघवी कमी झाली, मूल सुस्त पडलं, पाणी गिळवेना.

अगदी मन मानत नसेल तर थांबून घ्यायची चिठ्ठी. 'आज घेऊ नका. अमुक दिवसांत उतार पडला नाही किंवा वाढलं, तर सुरू करा.' दोन वर्षांवरच्या मुलाचा एकच कान दुखतोय, कान वाहत नाही, मूल एरवी ठीक आहे, तिथे वेदनाशामक देऊन दोन-तीन दिवस थांबण्यात काही बिघडत नाही. अशा चिठ्ठ्यांपैकी बऱ्याच वापरल्याच जात नाहीत, हे अभ्यासांतूनही दिसलं आहे.

कृपया कोणी असा अर्थ काढू नका की अँटिबायोटिक न देणं म्हणजे पुण्य. तीन महिन्यांच्या आतलं तापाचं बाळ, श्वास वाढलेला आणि गोंधळलेला म्हातारा माणूस, प्रतिकारशक्ती दाबलेला रुग्ण, सेप्सिसची (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याची) शंका, मेंदूज्वराची शंका : इथे गाईडलाइन घाई करायला सांगते, आणि पाठवायचं कुठे तेही सांगते. ती वाचून मी काही जणांना औषध *लवकर* दिलं, हे माझ्या केसपेपरमधलं समाधानाचं पान आहे.

पेनिसिलिनच्या ॲलर्जीवरही थोडं थांबायला हवं. 'लहानपणी पुरळ आलं होतं' एवढ्यावर आपण लाल शाईने लिहून टाकतो आणि तो माणूस आयुष्यभर दुसऱ्या, बहुधा जास्त व्यापक औषधांवर जातो. असा शिक्का बसलेल्यांची नीट तपासणी केली तर दहापैकी नऊ जणांना ॲलर्जी नसतेच. काय झालं होतं, किती वेळात, सूज आली का, श्वास अडकला का, हे विचारून लिहा. नुसते जुलाब म्हणजे ॲलर्जी नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये अँटिबायोटिकचे ॲक्सेस, वॉच आणि रिझर्व्ह असे तीन गट केले. अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, नायट्रोफ्युरँटॉइन पहिल्या गटात. ॲझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, सेफिक्झिम दुसऱ्या, जपून वापरायच्या गटात. माणसांसाठी वापरल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकपैकी निदान 70 टक्के पहिल्या गटातली असावीत, असं उद्दिष्ट 2030 साठी 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठरलं. आपल्या पॅडवरची शेवटची वीस अँटिबायोटिक या गटांत विभागून बघा. मी बघितली.

शेवटी मागणी. इंग्लंडमध्ये 2014 च्या सप्टेंबरअखेरीस, आपल्या भागात सगळ्यात जास्त अँटिबायोटिक लिहिणाऱ्या 20 टक्के दवाखान्यांपैकी निम्म्यांना तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचं एक साधं पत्र गेलं : तुमच्या भागातले 80 टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी लिहितात. दंड नाही, नोटीस नाही. सहा महिन्यांत त्यांचं लिहिणं पत्र न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे 3 टक्क्यांनी उतरलं. म्हणजे 73 हजारांच्या आसपास कमी चिठ्ठ्या. आपल्याला कोणी असं पत्र पाठवायची वाट बघायला नको. आपल्या पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपले श्वसनाच्या तक्रारींचे कोणतेही सलग दहा केसपेपर आणावेत, पेशंटचं नाव झाकून. वेचून नव्हे, सलग. गाईडलाइन मध्ये ठेवू आणि एकेक वाचू. जिथे कोणी ती जाणूनबुजून मोडली असेल तिथे कारणाची एक ओळ केसपेपरवर असली म्हणजे झालं. कारण पटण्यासारखं असेल तर बदल समितीला सुचवू. वाद होतील, व्हायलाच हवेत. दीड तास पुरेल.

पहिले दहा माझे वाचू. त्यातला चौथा मला आत्ताच आठवतोय. 'घसा लाल', वेळ रात्री नऊ वाजून दहा मिनिटं.

आपला,
तुमच्यातलाच एक जनरल प्रॅक्टिशनर